जुनं मशीन वाढवायचं की बदलायचं? विंडोज ११ बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात. उत्तरं देऊन देऊन तोंडपाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. भाव मुद्दाम लिहिलेले नाहीत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की आज लिहिलेला आकडा पुढच्या आठवड्यात मलाच खोटं पाडेल.

विंडोज १० बंद झालं म्हणजे माझा कॉम्प्युटर बंद पडणार का?

नाही. काल चालत होता तसाच उद्याही चालेल. बंद झाले ते सुरक्षेचे अपडेट. यापुढे विंडोज १० मध्ये एखादं भोक सापडलं, तर ते बुजवायला कोणी येणार नाही. ज्या मशीनवर पोरं फक्त गेम खेळतात त्याची एवढी काळजी नको. पण ज्यावर बँकेचे व्यवहार होतात, जीएसटी भरला जातो, डिजिटल सहीचं टोकन लागतं, ते मशीन तसंच ठेवणं म्हणजे दुकानाला शटर आहे पण कुलूप नाही.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम. कंपन्यांसाठी वेगळी, पैसे भरून तीन वर्षांपर्यंतची सोय आहे. ज्यांना लगेच खर्च झेपणार नाही त्यांना मी आधी हेच करून देतो. घाईत घेतलेलं मशीन आणि घाईत जमवलेलं लग्न, दोन्हीची दुरुस्ती महाग पडते.

माझ्या मशीनवर विंडोज ११ बसेल का, हे घरच्या घरी कसं बघू?

मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं फुकट ॲप आहे. ते चालवलं की हो किंवा नाही, आणि नाही तर का नाही, हे सांगतं. ते नको असेल तर स्वतः बघा. खाली टास्कबारवर उजवं क्लिक करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसेल. ते फोटो काढून ठेवा, कारण पुढची निम्मी उत्तरं त्या एका ओळीवर ठरतात.

कागदावरची अट अशी: ६४ बिटचा दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (ते काय ते खाली सांगतो), आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी, जमणारं यूईएफआय (बोर्डाचं नव्या पद्धतीचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर). रॅम आणि जागा वाढवता येतात. टीपीएम बहुतेक वेळा आत असतंच, फक्त बंद असतं. अडतं ते प्रोसेसरवर. मायक्रोसॉफ्टने चालणाऱ्या प्रोसेसरची यादीच काढली आहे आणि इंटेलमध्ये ती ढोबळमानाने आठव्या जनरेशनपासून सुरू होते.

पण माझा तर आय सेव्हन आहे!

हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकतो, आणि समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला बघवत नाही. आय ३, आय ५, आय ७ हा त्या त्या वर्षातला दर्जा. जनरेशन म्हणजे ते वर्ष. २०११ चा आय ७-२६०० त्या काळचा राजा होता, पण दुसऱ्या जनरेशनचा, म्हणून यादीत नाही. २०१७ च्या शेवटी आलेला साधा आय ३-८१०० यादीत आहे. राजाचा मान वेगळा, पण दारात आधार कार्ड मागतात.

जनरेशन कशी वाचायची? आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा. ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी, १२१०० म्हणजे बारावी. घोळ होतो तो लॅपटॉपमध्ये. तिथे १०३५, ११३५, १२३५ असे १ ने सुरू होणारे चार आकडे असले तर पहिले दोन धरायचे: दहावी, अकरावी, बारावी. एक काका ‘पहिली जनरेशन निघाली’ म्हणून अकराव्या जनरेशनचा लॅपटॉप भाच्याला देऊन टाकायला निघाले होते.

पेंटियमवाल्यांनीही नाव बघितल्याशिवाय हार मानू नये. पेंटियम गोल्ड जी५४०० चालतो, त्याच्याच आधीचा जी४५६० चालत नाही. एएमडीमध्ये रायझनची २००० मालिका ही साधारण सीमा धरतात, पण त्यातल्या लॅपटॉपच्या आणि आतच ग्राफिक्स असलेल्या चिपा मुळात पहिल्या पिढीच्या रचनेच्या आहेत. तिथे आकड्यावर जाऊ नका, यादीत नाव शोधा.

टीपीएम म्हणजे काय? वेगळं विकत आणून बसवायचं का?

टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची तिजोरी समजा; पासवर्ड आणि डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या तिथे राहतात. आठव्या जनरेशनपासूनच्या जवळजवळ प्रत्येक मशीनमध्ये ती आतच असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायची. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. नाव वेगळं म्हणून लोकांना सापडत नाही एवढंच.

वेगळं मॉड्यूल आणून जुन्या बोर्डाच्या पिनांवर लावण्याचे उद्योग २०२१ मध्ये बरेच झाले. प्रोसेसर यादीत नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. ते पैसे एसएसडीत, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये, घाला.

बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलला तर?

इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, आणि एच११० हे त्यावरच्या चिपसेटचं नाव. एच११० चा बोर्ड म्हणजे सहाव्या-सातव्या जनरेशनचा. त्याचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, ११५१. आठव्या आणि नवव्या जनरेशनचंही सॉकेट ११५१. म्हणजे बसायला हवं, नाही का? मागच्या वर्षी एक इंजिनिअरिंगचा मुलगा ऑनलाइन सेकंडहँड आय ५-८४०० मागवून घेऊन आला. प्रोसेसर सॉकेटमध्ये अगदी सुखाने बसला, खाच जुळली, दांडी खाली आली. पॉवर दाबली, पंखा फिरला, स्क्रीन काळी ती काळीच. पिनांची संख्या तीच असली तरी इंटेलने आठवीसाठी जोडणी बदलली, एच३१० सारखा ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. पोरगं म्हणालं, ‘सर, फिट तर झाला ना!’ चप्पल पायात बसली म्हणून आपली होत नाही रे बाबा. तो प्रोसेसर त्याने शेवटी मित्राच्या एच३१० च्या बोर्डासाठी विकला.

तेव्हा नियम साधा: मदरबोर्ड ही भिंत. एच६१ असेल तर तिसऱ्या जनरेशनपर्यंत, एच८१ असेल तर चौथीपर्यंत, एच११० असेल तर सातवीपर्यंत. या तिन्हींच्या पलीकडे जायला भिंतच पाडावी लागते. एच३१० किंवा त्यापुढचा बोर्ड असेल तर मात्र तुम्ही नशीबवान. तिथे बहुधा नुसतं बायोसमध्ये टीपीएम चालू करून काम होतं.

मशीन फार स्लो आहे. विंडोज ११ टाकलं की फास्ट होईल ना?

होणार नाही. उलट त्याच हार्ड डिस्कवर ते आणखी रांगेल.

काउंटरवर येणाऱ्या बहुतेकांना खरं तर विंडोज ११ नको असतं. त्यांना मशीन लवकर उघडायला हवं असतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे. ‘स्लो आहे’ याचं कारण दहापैकी नऊ वेळा माझ्या हाताखाली एकच निघतं: फिरणारी जुनी हार्ड डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या ओळीपुढे काही न करता १०० टक्के दिसत असेल तर तुमचंही तेच. फाइल शोधायला त्या डिस्कचा काटा तबकडीवर इकडून तिकडे पळतो, आणि विंडोज १० सुरू होताना त्याला हजारो बारीक फाइली मागतं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही.

साखर पेठेतल्या एका शिकवणीच्या बाईंचं चौथ्या जनरेशनचं मशीन आलं होतं. चालू केलं की त्या चहा टाकायला जायच्या. चहा उकळून गाळून व्हायचा तेव्हा डेस्कटॉप दिसायचा. एसएसडी टाकून दिली. दोन दिवसांनी फोन आला: ‘दादा, आता चहा राहतो.’ ते मशीन आजही विंडोज ११ ला अपात्रच आहे. पण त्यांची तक्रार मिटली, आणि मुदतवाढीवर एक वर्ष विचार करायला मिळालं.

रॅम किती हवी?

अट ४ जीबीची आहे, ती कागदावर सोडा. ८ जीबी असली की ब्राउझर, हिशेब आणि एक मीटिंग सुखाने चालते. फोटोशॉप, कोरल, ऑटोकॅड किंवा कॉलेजचं कोडिंग असेल तर १६. शक्य असेल तर दोन सारख्या पट्ट्या, दोन स्लॉटमध्ये. डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका. स्लॉट तुटलेले बोर्ड माझ्याकडे दोन पडून आहेत.

एसएसडी कुठली घ्यावी? जुन्या बोर्डावर चालते का?

अडीच इंची साटा एसएसडी जवळजवळ कशावरही चालते. एच६१ च्या बोर्डावर साटाचा वेग ३ गिगाबिटच आहे, म्हणजे एसएसडी तिच्या निम्म्या वेगाने धावेल. तरीही जुन्या डिस्कपुढे ती विमानच. एच८१ वर काही पोर्ट ६ चे आणि काही ३ चे असतात, बोर्डावर शेजारी लिहिलेलं असतं, वेगवानवर लावा. एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा, स्लॉट दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) आणू नका; काही स्लॉटमध्ये साटाचीच एम.२ चालते. बोर्डाचं मॉडेल बघून घ्या.

२५६ जीबी घरासाठी पुरते, फोटो-व्हिडिओ असतील तर ५१२. जुनी डिस्क चांगली असेल तर आम्ही क्लोन करून देतो, म्हणजे सगळं जसंच्या तसं येतं. डिस्कमध्ये बॅड सेक्टर असतील तर आधी डेटा काढायचा आणि विंडोज नव्याने टाकायचं. जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवा. तिसऱ्या आठवड्यात कोणाला तरी हमखास आठवतं की लग्नाचे फोटो ‘डी’ ड्राइव्हमध्ये नव्हते, दुसऱ्याच फोल्डरमध्ये होते.

बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदलायचं ठरवलं. जुन्यातलं काय वाचतं?

कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, एसएसडी, आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) चांगल्या कंपनीचा असेल तर तोही. डीडीआर३ रॅम वाचत नाही. नव्यात सध्या एच६१० बोर्ड आणि बाराव्या जनरेशनचा आय ३ हे मी घरासाठी जास्त सुचवतो. हा बोर्ड डीडीआर४ चाही मिळतो आणि डीडीआर५ चाही. कोणता घेताय ते बिलावर लिहून घ्या. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर बोर्डावर तो पोर्ट आहे का ते बघा, नाहीतर पन्नास गोष्टी जुळतात आणि एका वायरीसाठी परत नवी पेठ गाठावी लागते.

एसएमपीएसबद्दल एक शब्द. कॅबिनेटबरोबर आलेला बिननावाचा पातळ डबा नव्या बोर्डाला लावू नका. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, आणि तो डबा जाताना एकटा जात नाही.

विंडोजचं लायसन्स पुन्हा घ्यावं लागेल का?

विंडोज १० खरं लायसन्सचं असेल आणि मशीन पात्र असेल, तर ११ फुकट. बोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते नवं मशीन. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डाबरोबर संपतं. वेगळं पाकीट विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं. आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडून ठेवलं तर ॲक्टिव्हेट करताना डोकेदुखी कमी. विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या किल्ल्यांवर फुकट अपग्रेड व्हायचं, ते दार सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं.

‘क्रॅक मारून द्या’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात ते उगीच नाही.

नेटवर व्हिडिओ आहेत, अपात्र मशीनवरही विंडोज ११ टाकतात. तुम्ही का नाही म्हणता?

नाही म्हणत नाही; सही घेऊन करतो. रुफस नावाच्या टूलने असा पेन ड्राइव्ह बनतो जो टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी गाळतो. चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं की अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही. दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. घरी स्वतः करणाऱ्या मुलाला ठीक. सीएच्या ऑफिसात जुलैच्या गर्दीत हे लफडं नको.

आणि कोअर टू डुओ या इंटेलच्या फार जुन्या प्रोसेसरवर तर तेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोजला प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना लागतात, आणि कोअर टू डुओच्या पिढीत त्या नाहीत. तिथे कुठली युक्ती चालत नाही.

प्रोसेसर चालतो, टीपीएम चालू केलं, तरी ‘सिक्युअर बूट’ म्हणून अडतंय.

तुमचं विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी बूटने टाकलेलं आहे आणि डिस्क एमबीआर आहे, म्हणजे तिचे भाग जुन्या पद्धतीने नोंदवलेले आहेत. ती जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करावी लागते. विंडोजमध्येच त्यासाठी टूल आहे, डेटा न पुसता होतं. पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. आधी बदल, मग बायोसमध्ये यूईएफआय. उलट क्रमाने केलं तर मशीन बूटच होत नाही, आणि मग लोक सांगतात की विंडोज ११ ने कॉम्प्युटर मारला.

जुनं विंडोज ३२ बिटचं असेल तर वरच्या वर अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. हा मुद्दा लहान वाटतो, पण पुढचा प्रश्न त्यातूनच येतो.

आमचं सुताच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर डॉसमधलं आहे, फॉक्सप्रोचं. ते ११ वर चालेल का?

सरळ नाही चालणार. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे, आणि ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातले, प्रोग्रॅम उघडत नाही. ३२ बिटच्या विंडोज १० वर ते चालत होते, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

आपल्या गावात हा प्रश्न दुसरीकडच्यापेक्षा जास्त आहे, कारण टॉवेल आणि चादरीच्या धंद्यातली कितीतरी घरं नव्वदच्या दशकात कोणीतरी लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर अजून चालतात. लिहिणारा माणूस कुठे आहे माहीत नाही, सोर्स नाही, पण पार्टीचा बाकी हिशेब पैशाला पैसा जुळतो. एका अण्णांकडे गेलो तर ते न बघता एफ ५, एफ ५, एंटर दाबत दोन सेकंदांत खातं काढून दाखवत होते. त्यांना माउस हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही.

उपाय आहे. डॉसबॉक्स किंवा त्यासारखं टूल ११ वर टाकून आत जुना प्रोग्रॅम चालवता येतो. अडतं ते छपाईवर, कारण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या पॅरलल पोर्टवर असतो आणि नव्या बोर्डावर तो पोर्ट बहुधा नसतो. यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स असेल तर काम सोपं होतं. अण्णांकडे दोन दिवस लागले. पहिला संपूर्ण दिवस रुपयाच्या जागी वेडंवाकडं चिन्ह छापलं जात होतं. हे काम मार्चएंडला घेऊन येऊ नका, दिवाळीनंतर निवांत करा, आणि महिनाभर दोन्ही मशीन शेजारीशेजारी चालवा.

मराठी फॉन्ट जातील का? श्रीलिपी, कृतिदेव वगैरे?

फॉन्टच्या फाइली ११ वर चालतात. जुनी फाइल उघडून नीट दिसते. पण टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं असेल, त्याला यूएसबी किंवा पॅरललची कुलूप-किल्ली असेल, तर तिचा ड्रायव्हर ६४ बिटचा आहे का हे कंपनीला विचारून मगच पुढे जा. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांनी हे सगळ्यात आधी तपासावं. नवं काम युनिकोडमध्ये सुरू करा. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

कारखान्यातला डिझाइनचा कॉम्प्युटर एक्सपीवर आहे. तोही अपग्रेड करू का?

नको. हात लावू नका.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अशी मशीन मी पाहिली आहेत: जॅकार्डचं (मागावर नक्षी विणण्याचं) कार्ड पंचिंग त्याला जोडलेलं, आत जुन्या स्लॉटमध्ये मशीनच्या कंपनीचं कार्ड, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कधी आलाच नाही. तिथे नवं विंडोज म्हणजे पंचिंग बंद. अशा मशीनचं इंटरनेट काढून टाका, डिस्कचा क्लोन करून एक सुटी डिस्क कपाटात ठेवा, जास्तीचा एसएमपीएस ठेवा. डिझाइन नवीन मशीनवर काढा आणि तपासलेल्या पेन ड्राइव्हने तिथे न्या.

मात्र साफसफाई करा. यंत्रमागाच्या शेडमधल्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं की कूलरवर सुताच्या तंतूंची अक्षरशः गादी सापडते, बोटाने उचलली की अख्खी निघते. एकदा वरचा थर गुलाबी, खालचा निळा, त्याच्या खाली पांढरा निघाला. मालक बघून म्हणाले, ‘बरोबर, निळी ऑर्डर दिवाळीच्या आधीची.’ एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश आणि आत ही गादी, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्याला लोक ‘स्लो झालं, नवीन विंडोज टाका’ म्हणतात. ब्लोअर मारा, थर्मल पेस्ट बदला, आधी ते.

बायोस अपडेट करावं लागतं का? करू का घरी?

कधीकधी लागतं, टीपीएमचा पर्यायच दिसत नसेल तेव्हा. यूपीएस असेल तर करा, नसेल तर नको. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दुकान नवीन असताना एका मे महिन्यात दुपारी मी गिऱ्हाइकाच्या बोर्डाचं बायोस अपडेट लावलं. दुकानाच्या यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, ते मला माहीत होतं. म्हटलं तीन मिनिटांचं काम आहे. साठ टक्क्यांवर लाइट गेली. बोर्ड मेला. नवीन बोर्ड माझ्या खिशातून गेला, आणि त्या माणसाला खरं काय झालं ते सांगताना जी मान खाली गेली ती वेगळीच. लॅपटॉप असेल तर बॅटरीही भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा.

विंडोज सुरू होताना ४८ आकडी किल्ली मागतंय. आमच्याकडे अशी कुठली किल्लीच नाही!

आहे, तुम्हाला कोणी सांगितलं नाही. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बायोस बदललं, टीपीएमची सेटिंग हलली, की विंडोज घाबरून रिकव्हरी किल्ली मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. पण खातं दुकानदाराने त्याच्याच ईमेलवर काढलं असेल तर? म्हणून खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढा, आणि ते ४८ आकडे कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. किल्ली नसेल तर डेटा गेला. मी काय, कोणीही काढू शकत नाही.

त्यापेक्षा सेकंडहँड लॅपटॉप घेतला तर?

चांगला विचार आहे, विशेषतः कॉलेजच्या मुलांसाठी. मोठ्या ऑफिसांतून निघालेले आठव्या-दहाव्या जनरेशनचे लॅपटॉप पुण्याकडून बरेच येतात. घेताना प्रोसेसरचं पूर्ण नाव स्वतःच्या डोळ्यांनी स्क्रीनवर बघा, स्टिकरवर नाही. स्टिकर सुटे मिळतात. बायोसला पासवर्ड आहे का बघा. बॅटरी काढून नाही, चार्जर काढून वीस मिनिटं चालवून बघा. बिजागरी हलवून बघा. आणि बिल घ्या.

विंडोजच नको, दुसरं काही?

जुन्या मशीनवर लिनक्स मिंट उत्तम चालतं. त्याची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, फुकट आहे. ब्राउझर, यूट्यूब, पत्रं लिहिणं, मराठी टायपिंग सगळं होतं. टॅलीसारखं अकाउंटिंग किंवा डिजिटल सहीची सरकारी पोर्टलं यांचं काम असेल तर नका जाऊ. माझ्या वडिलांच्या मशीनवर मी मिंटच टाकलंय. त्यांना फक्त बातम्या आणि भजनं लागतात. विंडोज गेलं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

दुकानात येताना काय काय आणू?

डेस्कटॉप असेल तर फक्त सीपीयू, म्हणजे कॅबिनेटचा डबा. मॉनिटर, कीबोर्ड, वायरी नको. लॅपटॉप असेल तर चार्जर, जो निम्मे लोक विसरतात आणि जुळे सोलापूरला परत जातात. विंडोजचा पासवर्ड, मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल, ओटीपीसाठी तो मोबाइल. हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याची किल्ली किंवा डोंगल. आणि सीपीयू स्कूटरवर पायाशी आणणार असाल तर मदरबोर्डची बाजू खाली करून आडवा ठेवा, नाहीतर होटगी रोडच्या खड्ड्यांत कूलर सुटून आत लोंबकळतो.